इंदूरच्या फ्लॅटमध्ये घरची भाजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागकामावरची बहुतेक मराठी माहिती पुण्या-मुंबईच्या हवेला धरून लिहिलेली असते आणि हिंदीतली बरीचशी दिल्लीच्या. इंदूर या दोन्हींत बसत नाही. इथे एप्रिल-मे कोरडे आणि तापलेले, पारा ४० च्या वर. पावसाळा काळ्या मातीला चिखल करून सोडणारा, आणि हिवाळ्यात काही रात्री ५-६ अंशांपर्यंत उतरणाऱ्या. म्हणून रामबाग, सुदामा नगर, लोकमान्य नगरपासून बायपासकडच्या नव्या टॉवरांपर्यंत राहणाऱ्या मराठी घरांसाठी माळव्याच्या हवेतली ही उत्तरं.

आमची गॅलरी जेमतेम चार फूट रुंद आहे. तिच्यात काही होईल का?

होईल. जागेपेक्षा उन्हाचा प्रश्न मोठा आहे. चार बाय आठच्या गॅलरीत सकाळचं तीन-चार तास ऊन येत असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना, मिरचीची दोन झाडं आणि गवती चहा एवढं आरामात राहतं. तीच गॅलरी शेजारच्या इमारतीच्या सावलीत दिवसभर असेल, तर ती कितीही मोठी असली तरी तिच्यात टोमॅटो धरणार नाही. त्यामुळे कुंड्या विकत घेण्याआधी ऊन मोजा.

ऊन मोजायचं कसं? आणि कुठल्या दिशेची गॅलरी चांगली?

सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला गॅलरीत डोकवा आणि ऊन जमिनीवर कुठे पडतंय तिथे खडूने खूण करा. थेट ऊन मोजायचं, नुसता उजेड नाही. पालेभाज्यांना तीन-चार तास पुरतात. मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी अशा फळभाज्यांना सहा तास तरी हवेत.

हे मोजमाप वर्षातून दोनदा करावं लागतं, कारण इंदूरमध्ये गॅलरीचं ऊन ऋतूप्रमाणे फार बदलतं. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेकडून जातं, म्हणजे आपण त्याच्या अगदी जवळ आहोत. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे दक्षिणेच्या गॅलरीत दुपारचं ऊन शिरतच नाही. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून साधारण ४४ अंशांवर असतो आणि ऊन पार दिवाणखान्यापर्यंत येतं. म्हणून दक्षिणेची गॅलरी ही हिवाळ्याची गॅलरी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिच्यात काहीही लावा.

पूर्वेची गॅलरी पालेभाज्यांसाठी मला सगळ्यांत आवडते. कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी पानांना विसावा मिळतो. पश्चिमेची कठीण, पण निरुपयोगी नाही. होळीनंतर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली की मिरची आणि भेंडी तिथे तग धरतात. उत्तरेच्या गॅलरीत मे ते जुलै सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, हिवाळ्यात काहीच नाही. तिथे पुदिना, अळू आणि पानओवा लावा, आणि टोमॅटोची आस सोडा.

काचेने बंद केलेल्या गॅलरीत उजेड कमी होतो आणि उन्हाळ्यात हवा कोंडून झाडं शिजतात. निदान दोन खिडक्या सतत उघड्या हव्यात.

कुठली भाजी कधी लावायची?

माळव्यातल्या गॅलरीचा खरा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि होळीला संपतो. नवीन माणसाने सुरुवात याच काळात करावी. जूनमध्ये उत्साहाने सुरू करून पहिल्याच पावसात कुजलेली रोपं बघून सोडून देणारी माणसं खूप आहेत, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. फक्त वेळ चुकलेली असते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, शेपू पेरा. सगळं बी एकदम पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी एक पसरट कुंडी पेरली की फेब्रुवारीपर्यंत काढणी थांबत नाही. मेथी पंचवीस-तीस दिवसांत तयार होते. पालकाची बाहेरची पानं महिन्याभराने खुडायला लागा, मधला कोंब राखला तर एकाच रोपातून तीन-चार वेळा भाजी मिळते.

टोमॅटोचं मात्र उलट आहे. त्याची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच तयार हवीत, म्हणजे थंडीच्या दिवसांत फळं धरतात. जानेवारीत लावलेला टोमॅटो फुलावर येईपर्यंत उन्हाळा दाराशी असतो.

फेब्रुवारीच्या शेवटी भेंडी, गवार, चवळी. यांना ऊन आवडतं. एप्रिल-मेमध्ये नवीन काही पेरायच्या फंदात पडू नका, आहे ते जगवा. जूनच्या मध्यानंतर पाऊस स्थिरावला की मिरची-वांग्याची रोपं, अळू, कारलं, घोसाळी म्हणजे इथल्या बाजारातली गिलकी. जुलैमध्ये पालेभाज्या पेरल्या तर संततधारेत बुंध्याशी कुजतात. पेरायच्याच असतील तर कुंडी स्लॅबखाली आत घ्या.

कोथिंबीर उगवतच नाही. बी खराब असतं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि साहजिक आहे. सकाळच्या पोह्यांवर कोथिंबीर नसेल तर इंदूरच्या घरात दिवस नीट उजाडत नाही.

बी बहुतेक वेळा चांगलंच असतं. धण्याचा एक दाणा म्हणजे खरं तर दोन बियांचं फळ. तो तळहाताने किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन भाग करायचे. पीठ होऊ द्यायचं नाही. मग रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पेरायचे, वर अर्धा इंच माती, आणि त्यावर ओलं गोणपाट. कोंब दिसू लागले की गोणपाट लगेच काढा. थंडीत कोथिंबीर वर यायला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी माती उकरून बघणं हेच तिच्या अपयशाचं मोठं कारण आहे.

दुसरं कारण हंगाम. एप्रिलनंतर पेरलेली कोथिंबीर उगवली तरी पानं धरायच्या आत दांडा काढून फुलावर जाते. उष्णतेला ती असाच प्रतिसाद देते, खत-पाण्याने ते थांबत नाही. उन्हाळ्यात सावलीतल्या पसरट कुंडीत दाट पेरून बोटभर वाढली की कापून घ्या, किंवा सरळ बाजारातून आणा.

कोथिंबिरीचं रोप उपटून दुसरीकडे लावू नये. तिचं सोटमूळ दुखावलं की ती रुसते. मेथी-मुळ्याचंही तेच.

बी किराणा दुकानातलं चालतं का?

मेथीदाणा, धणे, मोहरी, बडीशेप चालते, जुनाट नसेल तर. सियागंजच्या कुठल्याही दुकानातून पावशेर आणलं तरी वर्षभर पुरतं. इतर भाज्यांची छोटी पाकिटं नर्सरीतून घ्या आणि मागची तारीख वाचा. संकरित पाकिटातल्या टोमॅटो-मिरचीचं बी पुढच्या वर्षासाठी धरलं तर रोपं आईसारखी निघतीलच असं नाही.

एक गोष्ट फार महत्त्वाची. पाकिटातलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. ते पेरायला ठीक, पण आठ-दहा दिवसांत कोवळी रोपं कापून कोशिंबिरीत घालायची असतील तर असं बी अजिबात वापरू नका. पेरल्यावर हात साबणाने धुवा आणि पाकीट मुलांपासून लांब ठेवा.

माळव्याची काळी माती इतकी सुपीक, मग कुंडीत झाड का मरतं?

शेतात ती सोनं आहे. तिथे तिला खोली आहे, आणि उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांतून हवा खेळते. कुंडीत तीच चिकणमाती पाणी धरून बसते, मुळांना श्वास घेता येत नाही, आणि सुकली की आक्रसून कुंडीची कड सोडते. मग घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधली माती कोरडीच राहते.

म्हणून एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. काळी माती असेल तर जाडसर वाळूही अर्धा भाग मिसळा. नर्सरीतली पिवळी माती मिळाली तर वाळू कमी चालेल. वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पहिलं पाणी पिळून टाका आणि पुन्हा एकदा धुवा, कारण त्यात क्षार असतात. तयार मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर सहज फुटला तर माती जमली.

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करावं का? गाडी तर रोज येते.

गाडीत दिलेला ओला कचरा वाया जात नाही. देवगुराडियाच्या प्रकल्पात त्याचा बायो-सीएनजी होतो. २०२२ साली तो प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला ५५० टन होती. तरीही कुंड्या असतील तर थोडा कचरा घरी ठेवाच, कारण कुंडीतली माती दर पाण्याबरोबर निकस होत जाते आणि विकतचं खत वजनाने महाग पडतं.

शिवाय खत करणं ही या गावाची परंपरा आहे आणि ती आपल्यालाच फारशी ठाऊक नाही. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये काम करत होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ आणि या कामात बरोबरीच्या सहकारी. इथल्या शेतकऱ्यांकडे पाहून, पालापाचोळा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ढीग ठरावीक काळाने उलटवून साधारण तीन महिन्यांत खत करण्याची रीत त्यांनी नेमकी बसवली. जगभर सेंद्रिय शेती करणारे लोक तिला आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. आपलं कृषी महाविद्यालय त्याच संस्थेच्या वारशावर उभं आहे. गावाचं नाव जगाच्या शेतीत असं कोरलेलं असताना आपल्या गॅलरीत खताची एक बादली असावी, असं मला मनापासून वाटतं.

गॅलरीत शेणाचा ढीग शक्य नाही, पण तत्त्व तेच राहतं: हिरव्याबरोबर कोरडं, आणि मधूनमधून उलटणं. झाकणाच्या बादलीला बाजूने आणि तळाला भोकं पाडा. भाजीची देठं, साली, चहाचा धुतलेला चोथा एक थर, तेवढाच किंवा थोडा जास्त सुका पाला, नारळाच्या शेंड्या, फाडलेला पुठ्ठा दुसरा थर. शिजलेलं, तेलकट, खारट काही नको. आठवड्यातून दोनदा ढवळा. वास आला तर समजायचं कोरडं कमी पडलं. दीड ते तीन महिन्यांत मातीसारखं काळं, भुरभुरीत खत मिळतं. थंडीत जास्त वेळ लागतो.

नर्मदेचं पाणी, बोअरचं पाणी, आरओचं उरलेलं पाणी: झाडांना कुठलं द्यावं?

नर्मदेचं उत्तम. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढून हे पाणी आपल्या नळाला येतं. ते सांभाळून वापरायला हवं हे वेगळं सांगायला नको. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला आणि नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या अशी दिसली, तर क्षारांमुळे झाडाला लोह मिळत नाही असं समजा. पावसाळ्यात अशा कुंड्या दोन-तीन जोरदार सरींत उघड्यावर ठेवल्या की साठलेले क्षार धुऊन जातात. मग वरून ताजं खत द्यायचं.

आरओतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तेच क्षार आणखी दाट झालेले असतात. फरशी पुसा, झाडांना रोज घालू नका. डाळ-तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी मात्र अवश्य घाला.

किती घालायचं याला वेळापत्रक नाही. बोटाचं एक पेर मातीत खुपसा, कोरडं लागलं तर घाला. मेमध्ये छोट्या कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ लागतं, जानेवारीत दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं.

कुंड्या कुठल्या घ्याव्यात? वजनाची भीती वाटते.

कोथिंबीर-मेथीला सहा इंच खोल पसरट ट्रे, मिरचीला दहा इंचांची कुंडी, टोमॅटो-वांग्याला बारा इंचांची, वेलाला त्याहून मोठी. मातीच्या कुंडीत मुळं थंड राहतात पण ती लवकर सुकते. काळं प्लास्टिक उन्हात तापतं, त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा. पंधरा लिटरचा तेलाचा डबा स्वच्छ धुऊन तळाला भोकं पाडली तर मिरचीला अगदी योग्य. रंगाच्या बादल्या खाण्याच्या भाजीला वापरू नका.

वजनाची काळजी रास्त आहे. ओल्या मातीने भरलेली बारा इंचांची कुंडी २०-२५ किलोपर्यंत जाते. राहत्या घरांच्या बाल्कनीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात प्रति चौरस मीटर सुमारे ३०० किलो भार धरलेला आहे, पण त्यात माणसं, वॉशिंग मशीन, सगळंच येतं. मोठ्या कुंड्या भिंतीच्या बाजूला ठेवा, बाहेरच्या टोकाला नाही. इमारत जुनी असेल, स्लॅबला तडे किंवा ओल असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा.

थंडीत कढीपत्ता वाळल्यासारखा दिसतो. मेला का?

नाही. कढीपत्ता, म्हणजे इथला मीठा नीम, थंडीत झोपतो, पानं पिवळी होऊन गळतात. त्या काळात पाणी कमी करा, खत बंद. फेब्रुवारीच्या शेवटी शेंडे छाटा आणि वरून कंपोस्ट द्या, होळीपर्यंत नवे कोंब दिसतात. पानं ओरबाडून घेण्यापेक्षा काडी कापून घेतली तर झाड घेरदार होतं.

पुदिना आणि गवती चहा?

पुदिना बाजारच्या जुडीतूनच होतो. जाड काड्या निवडा, खालची पानं काढा, पाण्यात ठेवा, आठवड्या-दहा दिवसांत मुळं फुटतात. त्याला स्वतंत्र कुंडी द्या, नाहीतर शेजाऱ्याची जागा खातो. गवती चहाचा एक फुटवा कुणाकडून तरी मागून आणा, उन्हात ठेवा, विसरलात तरी वाढतो.

वडीचं अळू गॅलरीत होतं का?

होतं, आणि पावसाळ्यात सावलीच्या गॅलरीत याच्याइतकं समाधान देणारं दुसरं काही नाही. गणपतीत घरच्या पानांची अळूवडी करता येते. मे अखेरीस खाण्याच्या अळूचा कंद लावा, माती सतत ओलसर ठेवा.

पण कंद खात्रीच्या घरूनच घ्या. नर्सरीत शोभेच्या अळूसारखी दिसणारी, रंगीत ठिपक्यांची झाडं मिळतात, ती खायची नसतात. खाण्याच्या अळूतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घसा खाजतो तो त्यांमुळेच. चिंचेचा कोळ लावून, नीट वाफवूनच खावं.

फुलं येतात, पण फळ धरत नाही. का?

टोमॅटो असेल तर बहुधा उष्णता. दिवस ३५ अंशांपुढे आणि रात्रीही उबदार राहिल्या की फूल गळतं. हवा योग्य असूनही गळत असेल तर सकाळी दहाच्या सुमारास फुलांचे घोस टिचकीने हलवा, पराग तिथल्या तिथे पडतात.

वेलांवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. उंच मजल्यांवर मधमाश्या कमी येतात, तेव्हा नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावं. वेळ महत्त्वाची: गिलकी आणि कारल्याची पिवळी फुलं सकाळी, दुधीची पांढरी संध्याकाळी उमलतात. दुधीला सकाळी हात लावून काही उपयोग नाही.

टोमॅटोचा बूड काळा पडत असेल तर तो रोग नाही. एक दिवस कोरडं, एक दिवस पूर, असं पाणी दिलं की फळाला कॅल्शियम पोचत नाही. पाणी नियमित करा.

किडीला घरगुती उपाय काय?

रोज दोन मिनिटं पानं उलटून बघणं. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण सगळे खालच्या बाजूला बसतात. थोडे असतील तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातात. वाढले तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडासा पातळ साबण घोटून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. भर उन्हात फवारलं तर पानं जळतात. मिरचीची पानं आवळून वाटीसारखी झाली तर आधी फुलकिडे आणि कोळी शोधा. फवारूनही नवी पानं तशीच येत राहिली तर विषाणू समजून ते एक झाड उपटून टाका, बाकीची वाचतील.

कबुतरं हा वेगळा त्रास. पेरलेल्या ट्रेवर जाळी ठेवणं एवढाच टिकाऊ उपाय आहे.

खालच्या मजल्यावरचे पाणी पडतं म्हणून तक्रार करतात.

त्यांचं बरोबर आहे. प्रत्येक कुंडीखाली बशी हवी, कठड्याला टांगायच्या कुंड्या आतल्या बाजूला हव्यात, आणि पाणी सावकाश घालावं. बशीत साठलेलं पाणी मात्र आठवड्यातून दोनदा ओतून टाका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

यात पैसे वाचतात का?

भाजीचं बिल फारसं कमी होत नाही. चोइथराम मंडीच्या भावाशी चार कुंड्यांनी स्पर्धा करू नये. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, मिरची, गवती चहा यांचे सुटे पैसे वाचतात, आणि अर्धी जुडी फ्रिजमध्ये सडणं थांबतं. ज्या गोष्टी थोड्याच पण ताज्या लागतात त्या घरी, बटाटे-कांदे-कोबी मंडीतून. ही वाटणी मला योग्य वाटते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला जायचंय. कुंड्यांचं काय?

चार-पाच दिवस असतील तर सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, मातीवर पाल्याचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा जाड थर द्या, आणि निघताना पाणी खालून बाहेर येईपर्यंत घाला. मोठ्या बादलीतून प्रत्येक कुंडीत सुती दोरी सोडली तर बादलीतलं पाणी हळूहळू मातीत ओढलं जातं. बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंच ठेवा, दोरीचं टोक मातीत दोन-तीन इंच आत खुपसा, आणि निघण्याआधी एक दिवस तपासून बघा. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर शेजारच्या काकूंना किल्ली द्या आणि तेवढ्या दिवसांतली मिरची-पुदिना त्यांनीच खुडून न्यावा असं आवर्जून सांगा. खुडलेली मिरची पुन्हा फुलते, झाडावर पिकू दिलेली थांबते.